अंतराळ-वैमानिकाचा घरगुती सरंजाम

पुणे जिल्ह्याच्या उत्तर अंगास एकमेकांना लागून असलेले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके शिवनेरीमुळे, नाणेघाटामुळे आणि भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगामुळे इतिहासाच्या अभ्यासकास व भाविकास चिरपरिचित आहेत. परंतु पृथ्वीबाहेरच्या अवकाशाकडे कान लावून बसण्याचा जो उद्योग विसाव्या शतकाने मानवास शिकविला, त्याची दोन थोर ठाणीही याच मुलखात उभी राहिली, ही गोष्ट तितक्या अगत्याने सांगितली जात नाही. नारायणगावाजवळच्या आर्वी येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी उपग्रहामार्फत परदेशांशी संपर्क साधणारे भारताचे पहिले व्यापारी भूकेंद्र उभारले गेले आणि त्यास विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. पुढे प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने खोडदच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण सिद्ध झाली, जिला सर्वजण जीएमआरटी या नावाने ओळखतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीस, म्हणजे राष्ट्रीय विज्ञानदिनी, या दुर्बिणीचे आवार सर्वांस खुले होते, आणि आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले आपण केलेली उपकरणे व प्रतिकृती तेथे मांडतात.

ज्या मुलांच्या शिवारातून अशा तबकड्या दिसतात, त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा वेशभूषेच्या स्पर्धेत अंतराळयान हाकणारा वैमानिक व्हावेसे वाटले, तर त्यात नवल नाही. अडचण येते ती पोशाखाची. भाड्याने मिळणारा चकचकीत झगा अंगावर चढविला म्हणजे मूल शोभिवंत दिसते खरे, पण त्या झग्यावरील नळी कोठून निघून कोठे जाते, छातीवरची बटणे काय करतात आणि शिरस्त्राणाची काच कशासाठी आहे, असे एखाद्या पाहुण्याने विचारले असता मुलास उत्तर देता येत नाही. आणि ज्या वेशाविषयी तो धारण करणाऱ्यास काही सांगता येत नाही, तो कितीही महाग असला तरी पाहणाऱ्याचा विश्वास संपादन करू शकत नाही. पोशाखाचा प्रत्येक भाग कोणत्या गरजेपोटी जन्मास आला हे एकदा नीट समजले, की तो कशाचा करावा हे घरातच सापडते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, काय वगळावे हे कळते. या प्रकरणाचा सारा भर याच गोष्टीवर आहे.

चित्रपटसृष्टीचा दाखला या बाबतीत बोलका आहे. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटातील नारिंगी पोशाखाचे वैमानिक आज जगभरच्या मुलांच्या कल्पनेत घर करून आहेत. त्या चित्रपटाची वेशभूषा करणारे जॉन मोलो हे मुळात लष्करी गणवेशांच्या इतिहासाचे व्यासंगी होते, आणि खऱ्या सैनिकाच्या अंगावर पट्टा, खिसा, नळी व शिरस्त्राण कोणत्या प्रयोजनाने असते याची त्यांना पुरती जाण होती. म्हणूनच कल्पनेतील युद्धासाठी त्यांनी योजिलेले कपडे अंगावर वापरून मळलेले, खरे वाटले, आणि त्यांना ऑस्कर पारितोषिकही मिळाले. त्याच चित्रपटातील नायकाची प्रकाशाची तलवार वृत्तपत्र-छायाचित्रकारांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची मूठ घेऊन तयार केली होती. कोट्यवधींच्या उलाढालीच्या त्या व्यवसायातसुद्धा हुन्नरी माणसाने अडगळीतच हात घातला.

वस्तूचे प्रयोजन आधी ओळखावे, हाच मंत्र खोडदच्या तबकड्यांचाही आहे. ४५ मीटर व्यासाची तबकडी अखंड पत्र्याची केली असती, तर वाऱ्याचा प्रचंड भार पेलण्यासाठी तिला अवाढव्य सांगाडा द्यावा लागला असता; परंतु मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना बारीक छिद्रांची जाळीही अखंड पृष्ठभागासारखीच परावर्तित करते, हे जाणून स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा पोलादी तारेची जाळी ताणलेल्या दोरांच्या आधारावर बसविली, आणि वारा तिच्यातून निघून जाऊ लागला. काम नेमके ओळखल्यामुळे लोखंड वाचले, खर्च वाचला आणि दुर्बीण उभी राहिली.

तेव्हा पोशाखाचा बेत करताना पहिला प्रश्न हा, की आपला वैमानिक यानाच्या आत बसणारा आहे की बाहेर पडून पोकळीत तरंगणारा? हे दोन पोशाख मुळातच भिन्न आहेत. बाहेर जाणाऱ्याच्या पाठीवर प्राणवायू, शीतकरण आणि वीज यांचा संपूर्ण संसार लादलेला असतो. आत बसणाऱ्याचा पोशाख मात्र हलका असतो, आणि केबिनमधली हवा अकस्मात निसटली तरच तो कामास येतो. ३० जून १९७१ रोजी सोयूझ-११ हे रशियन यान पृथ्वीवर परतत असताना एक झडप अवेळी उघडून आतील हवा निघून गेली आणि तिघेही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांच्या अंगावर दाबरोधक पोशाख नव्हते. या दुर्घटनेनंतर रशियनांनी ‘सोकोल’ नावाचा पोशाख सिद्ध केला, आणि १९८४च्या ३ एप्रिलला राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्या अंगावर त्याच जातीचा पोशाख होता. माझे स्पष्ट मत असे, की मुलासाठी हाच नमुना घ्यावा. वैमानिक म्हणजे आसनावर बसून यान चालविणारा. त्याला पाठीवरच्या पेटाऱ्याची गरज नाही, आणि मुलाच्या खांद्यावरचे सर्वांत मोठे ओझे त्यायोगे आपोआप वगळले जाते. यानाकडे पायी चालत जाताना सोकोलधारी अंतराळवीर हातात एक लहानशी पेटी बाळगतात; तिच्यातील पंखा नळीवाटे पोशाखात हवा खेळती ठेवतो. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि कपडे धुण्याच्या यंत्राची पाणी सोडण्याची वळ्यावळ्यांची जुनी नळी एवढ्या दोन जिनसांत ही पेटी तयार होते. शेतातील ठिबकची जाड नळी या कामास घेऊ नये, कारण ती वळविली असता मोडते. तिची बारीक सूक्ष्मनळी मात्र पोशाखावरील तारा दाखविण्यास उत्तम.

आता अंगरख्याकडे वळू. निर्वात जागेत पोशाखात हवा भरली की तो फुगतो आणि ताठ होतो, ही पोशाख घडविणाऱ्यांची आद्य डोकेदुखी होय. १८ मार्च १९६५ रोजी यानाबाहेर पडणारा पहिला मानव अलेक्सी लिओनोव परत आत शिरू पाहत असताना त्याचा पोशाख इतका फुगला होता, की त्याला जिवावर उदार होऊन आतील हवेचा काही भाग सोडून द्यावा लागला. फुगलेल्या बाहीत कोपर वाकविणे म्हणजे बाहीतील हवेचे आकारमान घटविणे, आणि त्यासाठी प्रत्येक वेळी जोर लावणे. या कोड्याची उकल अमेरिकेतील रसेल कोली या अभियंत्यास बागेत सापडली. टोमॅटोच्या झाडावर चरणारी एक जाड, वळ्यावळ्यांची अळी शरीर वाकवीत जात असता एका बाजूच्या वळ्या मिटतात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या उघडतात, आणि आतील आकारमान जवळपास तितकेच राहते, हे त्याने हेरले. १९४३ साली त्याने या तत्त्वावर केलेला वैमानिकाचा पोशाख टोमॅटो-अळीचा पोशाख या नावानेच प्रसिद्ध झाला. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ सर्वश्रुत आहे, आणि टोमॅटोवरील अळी या भागातील शेतकऱ्याच्या घरात कोणास ठाऊक नाही असे नाही. आपल्याकडे फळ पोखरणारी अळी निराळ्या जातीची असली तरी वळ्यांचे चालणे तिच्याही अंगी पाहावयास मिळते. मुलाने ते एकदा शेतात जाऊन डोळ्यांनी पाहावे आणि मग बाहीला हात घालावा.

बाही अशी करावी. जुन्या पांढऱ्या सुती शर्टाची बाही कोपराच्या जागी कापून तेथे दुप्पट लांबीचा तुकडा जोडावा. त्या तुकड्यास दोन-दोन बोटांच्या अंतराने आडव्या चुण्या घालून प्रत्येक चुणीत जाड नाडी किंवा काथ्याची बारीक दोरी ओवून टीप मारावी. दोरीमुळे चुणी कडेसारखी उभी राहते आणि मधले कापड आत दबते, म्हणजे खरीखुरी वळी तयार होते. गुडघ्यासही हीच तजवीज. शर्ट आणि पायजमा कमरेस एका रुंद पट्टीने जोडून पुढून चेन लावली, की एकसंध अंगरखा होतो. गॅरेजमध्ये वापरतात तशी जुनी डांगरी मिळाली तर तेवढेही श्रम वाचतात.

कापडास भरीवपणा हवा असेल तर घरातल्या गोधडी शिवणाऱ्या बाईंचा सल्ला घ्यावा, आणि ही सूचना मी केवळ काटकसरीने करीत नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या प्रवाशांचे पोशाख ज्या कारखान्यात झाले, तो बायकांची अंतर्वस्त्रे शिवणाऱ्या उद्योगाशी निगडित होता. तेथील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनीच ते एकावर एक असे अनेक पदर शिवून काढले, आणि टाकलेली प्रत्येक टीप अवकाशात एका माणसाच्या प्राणाची जामीन होती. पातळ पदर एकावर एक ठेवून, त्यांना सरकू न देता शिवणे हे जे त्या पोशाखातील अवघड काम, तेच आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधडीत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे; फरक पदरांच्या द्रव्यात आहे, हाताच्या कसबात नाही. जुन्या गोधडीचा विटलेला तुकडा खांद्यावर, छातीवर आणि मांड्यांवर लावला असता पोशाखास जे भारदस्त रूप येते, ते बाजारच्या झग्यास येत नाही. शिवताना टाचण्या मोजून घ्याव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. एखादी आत राहिली तर ती मुलाच्या अंगास टोचल्याशिवाय सापडत नाही.

चंदेरी रंगाचा मोह अनेकांस होतो, आणि त्यास ऐतिहासिक आधारही आहे, कारण अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांच्या पोशाखावर उष्णता परतविण्यासाठी ॲल्युमिनियमचा लेप दिलेले कापड होते. हेच तत्त्व जुन्नरच्या शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात आहे. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंग पेपर वरून चंदेरी आणि खालून काळा असतो. काळी बाजू तणास उजेड मिळू देत नाही आणि चंदेरी बाजूवरून परतलेला प्रकाश पानांच्या खालच्या अंगास जाऊन रसशोषक किडीस बुजवितो. लागवडीनंतर उरलेला कोरा तुकडा मिळाला तर त्याच्या हातभर पट्ट्या कापून बाहीवर, कमरेस आणि पोटऱ्यांवर लावाव्यात. शेतात एकदा अंथरून काढलेला कागद मात्र कधीही घेऊ नये. त्यावर फवारणीचे औषध बसलेले असते. त्याच कारणास्तव पाठीवरचा फवारणीचा पंप, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि त्यांची झाकणे या पोशाखात वर्ज्य समजावीत, दिसण्यास ती कितीही सोयीची असोत. मल्चिंग पेपर हा अवघा २५-३० मायक्रॉन जाडीचा असल्याने सुईच्या भोकापासून सरळ फाटत जातो. म्हणून तो शिवू नये, कापडावर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवावा. संपूर्ण अंगरखा या प्लॅस्टिकचा करणे तर सर्वस्वी अयोग्य, कारण फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात त्यातून घाम बाहेर पडत नाही आणि मुलास घेरी येते. खऱ्या अंतराळवीरांनाही याच उकाड्याशी झुंजावे लागते. चंद्रावर उतरलेले प्रवासी आतून जी अंतर्वस्त्रे घालीत, त्यांत बारीक नळ्यांचे जाळे विणलेले असून त्यांतून थंड पाणी खेळविले जाई.

पोशाखाचा मानबिंदू म्हणजे शिरस्त्राण, आणि त्याच्यासाठी लागणारा मुख्य जिन्नस जुन्नरच्या इतिहासाशी निगडित आहे. हा कसबा एके काळी हातकागदासाठी नामांकित होता. जुने गोणपाट आणि चिंध्या कुजवून, कुटून, त्यांचा लगदा चाळणीवर उचलून आणि घोटून केलेला जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांत वापरला गेला. ज्या गावात कागदाचा लगदा हा पोटापाण्याचा उद्योग होता, तेथल्या मुलाचे शिरस्त्राण पुठ्ठ्याच्या खोक्याचे असावे हे मला रुचत नाही. लगद्याच्या वस्तू हलक्या असूनही टणक होतात; जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात नाचणारे लोक लगद्याचे मुखवटे तोंडावर बांधून रात्रभर नाचू शकतात, यातच त्या द्रव्याची योग्यता आली.

प्रथम मुलाच्या डोक्याचा घेर मोजावा. फुगा त्याहून चांगला वीतभर अधिक घेराचा फुगवावा, म्हणजे डोक्याभोवती चहूकडून हवेस जागा राहते. एक वाटी मैद्यास पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर खळ शिजवावी. पुस्तकबांधणीचे कारागीर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, परंतु ते विष असल्याने मुलाच्या तोंडाजवळ येणाऱ्या वस्तूत ते घालणे निषिद्ध आहे. त्याऐवजी रात्रभर भिजवून वाटलेली मेथी घालावी. टोपल्या आणि सुपे लिंपणाऱ्या आपल्या आज्यांचा हाच परिपाठ होता; मेथीने चिकटपणा वाढतो आणि तिच्या कडवटपणाने किडीस अटकाव होतो अशी त्यांची धारणा होती. कागद कात्रीने न कापता हातानेच दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यांत फाडावा, कारण फाटलेली कड विरळ असते आणि सांधा दिसत नाही. एक थर वर्तमानपत्राचा आणि पुढचा जुन्या वह्यांच्या कोऱ्या कागदाचा, असे आळीपाळीने सहा-सात थर द्यावेत, म्हणजे कोठे थर राहून गेला ते रंगावरून लगेच कळते. एका दिवसात दोनांहून अधिक थर देऊ नयेत आणि सुकविणे सावलीतच करावे. घाईने उन्हात ठेवलेला फुगा आतील हवा तापून फुटतो आणि ओला कागद सुरकुततो. खास लगदा, म्हणजे भिजवून कुटलेला कागद, हा वरच्या कडा, कानांवरचे उंचवटे आणि काचेभोवतालची चौकट उठविण्यापुरताच वापरावा. सारे शिरस्त्राण लगद्याने लिंपले तर ते सुंदर होते, पण जड होते, आणि मुलाच्या मानेचा विचार सौंदर्याच्या आधी केला पाहिजे.

कवच वाळल्यावर फुगा फोडून खालची बाजू डोके सहज आत जाईल इतकी आणि पुढची बाजू कपाळापासून हनुवटीपर्यंत कापावी. मागच्या अंगास व कानांजवळ रुपयाच्या नाण्याएवढी छिद्रे पाडून त्यांवर जुन्या चहाच्या गाळणीची जाळी बसवावी. ती दिसते ध्वनियंत्रासारखी आणि काम करते वायुवीजनाचे. मानेचे कडे रंगाच्या प्लॅस्टिक बादलीची वरची कडा कापून होते. तिला कापड गुंडाळण्यास विसरू नये. काचेसाठी जुन्या एक्स-रे फिल्मचा निळसर तुकडा कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून चोळला, की वरचे चित्र निघून जाते आणि पारदर्शक पत्रा उरतो. तो दोन बाजूंस चापाच्या बटणांनी असा लावावा की मुलास तो एका हाताने वर करता यावा. काच नाकाखाली उघडी सोडावी, शिरस्त्राण कोठूनही हवाबंद करू नये, आणि या फिल्ममधून सूर्याकडे पाहू नये हे मुलास बजावून सांगावे, कारण ती डोळ्यांचे रक्षण करीत नाही. अगदी लहान मुलांसाठी शिरस्त्राणाचा हट्टच धरू नये. सोकोलचे शिरस्त्राणही कापडी टोपरे व त्यास बसविलेली उघडझाप होणारी काच अशाच घडणीचे आहे, तेव्हा कानटोपीस पुढे फिल्म लावली तरी ती खऱ्या नमुन्यास धरूनच होते.

रंगाविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारीन पृथ्वीप्रदक्षिणा करून उतरला तो नारिंगी पोशाखात. उघड्या माळरानावर शोधपथकास तो दुरून दिसावा हा त्या रंगाचा हेतू. प्रत्यक्षात त्यास प्रथम पाहिले ते शेतावर काम करणाऱ्या एका आजीने आणि तिच्या नातीने, आणि पांढऱ्या शिरस्त्राणाचा तो नारिंगी प्राणी पाहून त्या दोघी घाबरल्या. विज्ञानदिनाच्या सुमारास जुन्नर-आंबेगावच्या डोंगरउतारांवर पळस फुललेला असतो. त्याची फुले उकळून, तुरटी घालून त्या काढ्यात पांढरे सुती कापड बुडविले असता केशरी छटा येते. ती अनेक धुण्यांत टिकत नाही, पण समारंभापुरती पुरेशी आहे. हळदीचा मोह टाळावा, कारण साबण लागताच ती लाल होते. शिरस्त्राणावरच्या काळ्या पट्ट्यांसाठी आंबेगावच्या पश्चिम भागातील हिरडा घ्यावा. तेथील महादेव कोळी कुटुंबे जंगलातून हिरडा गोळा करतात आणि त्यावर त्यांची वर्षाची मोठी मिळकत अवलंबून असते. हिरड्याची पूड लोखंडी कढईत पाणी घालून रात्रभर ठेवली, की त्यातील तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग होऊन गडद काळा रंग तयार होतो. जुन्या शाईचे मर्मही हेच होते.

पोशाख रात्रीच्या रंगमंचावर वापरावयाचा असेल तर नारायणगावच्या तमाशा-फडांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विठाबाई नारायणगावकरांसारख्या थोर कलावतीचे हे गाव, आणि यात्रांच्या हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या येथे पडून गावोगावचे पंच सुपाऱ्या देण्यास येतात. तमाशाच्या वेशभूषेत जर, टिकल्या आणि बेगड यांचे जे प्राबल्य आहे, ते थिल्लर हौसेतून आलेले नाही. दूर बसलेल्या हजारो प्रेक्षकांस दिव्याच्या उजेडात कलावंताची प्रत्येक हालचाल दिसावी, ही त्यामागची गरज. वैमानिकाच्या खांद्यावरची चिन्हे, शिरस्त्राणाची कड आणि हातमोज्यांचे टोक एवढ्याच ठिकाणी पुठ्ठ्यावर चिकटविलेले बेगड लावावे. बाकी अंग निस्तेज असले तरच ती चमक अर्थपूर्ण ठरते.

छातीवरची पेटी करताना मुलांस सर्वाधिक आनंद होतो, आणि तेथेच त्यांच्या समजुतीची कसोटी लागते. साबणाच्या खोक्यावर जुन्या रिमोटची बटणे, बाटल्यांची झाकणे व बंद पडलेल्या घड्याळाची तबकडी लावणे सोपे आहे. परंतु एकही बटण निरर्थक असता कामा नये. प्राणवायूचा दाब, पोशाखातील दाब, शीतकरण आणि संपर्कयंत्र हे चार विषय पुरे आहेत. येथे यानाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीरांची एक अतिशय मार्मिक युक्ती उचलावी. ताठ शिरस्त्राणामुळे त्यांना स्वतःची छाती दिसत नाही, म्हणून त्यांच्या मनगटावर लहान आरसा असतो आणि छातीवरील अक्षरे उलटी लिहिलेली असतात, म्हणजे आरशात ती सुलट वाचता येतात. पावडरच्या जुन्या डबीचा आरसा मनगटपट्ट्यावर शिवून, ‘प्राणवायू’ आणि ‘दाब’ ही अक्षरे देवनागरीत आरशातल्याप्रमाणे उलटी रंगविली, आणि मुलाने पाहुण्यांसमोर मनगट वळवून ती वाचून दाखविली, तर त्या एका कृतीने पोशाख जितका खरा वाटतो तितका तो इतर कशानेही वाटत नाही. चमकणारे दिवे लावावयाचे असल्यास दोन सेलवर चालणारे साधे लुकलुकते दिवे पुरेत. मात्र खोडदला जाताना बिनतारी खेळणी किंवा मोबाईल पोशाखात दडवू नयेत. दूरच्या दीर्घिकांकडून येणारे रेडिओसंकेत इतके क्षीण असतात की जवळच्या भ्रमणध्वनीपुढे ते बुडून जातात, आणि म्हणून त्या आवारात भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा दंडक आहे.

पायात शेतकऱ्याचे गमबूट, हातात भांडी घासण्याचे रबरी मोजे, आणि दंडावर तिरंग्याखाली देवनागरीत नाव, एवढ्यावर सरंजाम पूर्ण होतो. यानाचे नाव मुलाने स्वतः ठरवावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवून पारितोषिक मिळविणारे जयंत नारळीकर यांनी मराठी वाचकास अंतराळप्रवासाची कल्पना आपल्या भाषेत करण्यास शिकविले. त्यांची एखादी कथा मुलास वाचावयास दिली, तर नावासाठी परक्या चित्रपटाकडे धाव घेण्याचे कारण उरणार नाही. चालताना थोडे पुढे वाकून चालण्याचा सराव करावा, कारण सोकोल पोशाख आसनावर बसलेल्या देहाच्या मापाने बेतलेला असल्याने तो घातलेले अंतराळवीर उभे राहिले तरी किंचित वाकलेलेच दिसतात.

शाळांच्या मुख्याध्यापकांस एक विनंती आहे. कार्यक्रम संपला की असा पोशाख बहुधा माळ्यावर जातो आणि पावसाळ्यात कागद ओल धरून त्यास बुरशी लागते. शिरस्त्राण वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह कोरड्या पेटीत ठेवावे, शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची रीतसर नोंद करावी, आणि कोणता भाग कशासाठी आहे याचे टिपण ज्या मुलाने तो केला त्याच्याच हस्ताक्षरात पेटीत घालून पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हवाली करावे.